कानतुटीचा पत्ता

माझ्या निरोपसमारंभात एका साहेबांनी भाषण केलं की बाईंनी आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलं. मी शालीचं टोक चाळवत खाली बघत बसले. टाळ्या वाजल्या, नारळ मिळाला, मी घरी आले.

खरी गोष्ट अशी आहे की माझ्या नोकरीतला मला सर्वांत अभिमानाचा वाटणारा दिवस म्हणजे माझी सगळी शाळा, पहिली ते चौथी, साहेबांच्या तोंडावर एका सुरात खोटं बोलली तो. ते मीच शिकवलं होतं, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो त्याआधी मी जे खरं बोलले त्याचा. आता पेन्शनीत आहे, कुणी माझी वेतनवाढ रोखणार नाही, तेव्हा दोन्ही सांगून टाकते.

माझं माहेर सांगलीकडचं, कृष्णाकाठचं. डोळे उघडले की ऊस, डोळे मिटले की ऊस. आमच्याकडे जंगली प्राणी म्हणजे उसातून पळणारं रानडुक्कर, तेही शेपटीकडूनच पाहिलेलं. सातारा जिल्ह्यात नोकरी लागली आणि ऑर्डर हातात पडली ती माण तालुक्यातल्या एका वाडीची. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. दहिवडीची एसटी फाट्यावर सोडायची आणि तिथून ओढ्याकाठाने कोसभर चालत जायचं.

पहिल्याच सकाळी त्या ओढ्यात एक कुत्रं दिसलं. पिवळट करडं, लांब पायांचं, अंगाने वाळकं. एक कान अर्धा तुटलेला. मला दया आली, डब्यातली भाकरी मोडून टाकली. त्याने भाकरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्याकडे मात्र चांगलं निरखून पाहिलं आणि शेपूट खाली ठेवून सावकाश पलीकडच्या घळीत उतरून गेलं. शाळेत गेल्यावर मुलांशी काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं की तुमच्या गावची कुत्री फार शिष्ट आहेत बाई, भाकरीसुद्धा खात नाहीत. मग त्याचं वर्णन केलं. सगळा वर्ग खिदळायला लागला. दुसरीतली एक काटकुळी पोरगी उभी राहिली आणि माझी कीव आल्यासारखी म्हणाली, "बाई, कुत्रं न्हाई त्ये. लांडगीन हाय."

ती हौसा. तिचा बाप धुळा मेंढपाळ. बाकीची बिऱ्हाडं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली कऱ्हाडच्या बाजूला जगायला जायची, पण धुळाचा एक पाय अधू, म्हणून तो थोडकी मेंढरं घेऊन वाडीतच राहायचा. कुत्रा आणि लांडगा यांतला फरक मला हौसाने शिकवला. कुत्रं वाटेने हुंगत, वाकडंतिकडं जातं, लांडगा दोरी धरल्यासारखा सरळ जातो, हे तिने मला ओढ्याच्या वाळूत ठसे दाखवून सांगितलं. मी डी.एड.ला पहिल्या वर्गात पास झालेली होते, पण हे तिथे कुणी सांगितलं नव्हतं.

आता एकशिक्षकी शाळा म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. एक खोली, एक फळा, एक बाई आणि चार इयत्ता. पहिलीला पाटीवर गिरवायला बसवायचं, दुसरीला पाढे, तिसरीला पुस्तक, आणि चौथीला गणित समजावत असताना पहिलीतलं कुणीतरी शेजारच्याची पेन्सिल खाऊन टाकतं. चारही इयत्ता एकाच वेळी गप्प बसवणारा उपाय एकच, गोष्ट. म्हणून शेवटचा तास मी गोष्टीचा ठेवला. रोजच्या पाठांच्या टाचणवहीत गोष्टीला रकाना नसतो, तिथे मी 'सामान्य विज्ञान' असं लिहायची.

पण गोष्ट कुठली सांगायची? पुस्तकातला लांडगा एक तर लबाड नाही तर खादाड, आणि मुलांनी तर तो रोज पाहिलेला. 'एका घनदाट अरण्यात' अशी सुरुवात केली की पोरं जांभया द्यायची. त्यांच्या माळाला अरण्य कोण म्हणणार. मग मी एक दिवस सुरू केलं की आपल्या ओढ्यापलीकडे, पांढरीच्या घळीत एक लांडगीण राहते, तिचं नाव कानतुटी. जांभया बंद झाल्या.

माझी पद्धत अशी होती की गोष्ट रोज अर्धीच सांगायची. उद्याचा भाग मुलांनी आणायचा. येता-जाता काय दिसलं, ठसे कुठे वळले, ते मला सकाळी सांगायचं आणि शेवटच्या तासाला मी ते कानतुटीच्या गोष्टीत ओवायची. कानतुटी काय खाते, यावर एकदा वर्गात मोठं भांडण झालं, तेव्हा आम्ही तिची वाळलेली विष्ठा गोळा करून काडीने फोडून पाहिली. मेंढराची लोकर होती, नाही असं नाही, पण उंदराची हाडं आणि सशाचे केस तिच्याहून जास्त. तिसरीतल्या एकाने हिशेब केला की एवढे उंदीर कानतुटीने खाल्ले नसते तर त्यांनी ज्वारी खाल्ली असती. हे मी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी मी घरी गेले ती हवेत तरंगत. घरमालकिणीला मात्र कुठून तरी कळलं आणि तिने मला आंघोळ केल्याशिवाय चुलीजवळ येऊ दिलं नाही.

घरमालक म्हणजे तात्या. फौजेतून हवालदार होऊन परत आलेले, मिशांना पीळ, घरात परवान्याची बंदूक. शाळेच्या समितीवर तेच, वाडीतल्या भांडणांचा निवाडा करणारे तेच. माणूस चांगला, हे मी आजही म्हणेन. मी तापाने फणफणले तेव्हा बैलगाडी जुंपून दहिवडीच्या डॉक्टरकडे तेच घेऊन गेले होते. पोरीगत वागवायचे, पण हाक मारायची ती 'बाई' म्हणूनच.

तात्या शिकारीचेही पुढारी होते. तिकडे रीत अशी, की लांडगा मारला की तो काठीला उलटा बांधून, पुढे हलगी लावून मेंढपाळांच्या वाड्यावस्त्यांवर फिरवायचा. ज्याच्या दारी जाईल त्याने सुपातून धान्य घालायचं, कारण आपला वैरी मेला. शिकारबंदीचा कायदा झाल्याचं मी वर्तमानपत्रात वाचलं होतं, पण ते वर्तमानपत्र वाडीत फक्त मीच वाचत होते. आणि मेंढपाळांना मी नावं ठेवणार नाही. ज्याच्याकडे वीसच मेंढरं आहेत त्याचं एक कोकरू गेलं म्हणजे काय गेलं, ते उसाच्या राशीवर वाढलेल्या मला कळायला वेळ लागला.

त्या थंडीत कानतुटीला पिल्लं झाली. मुलांनी लांबून पाहिली, चार होती. मी गोष्टीत सगळं घातलं. पांढरीची घळ, करंजाच्या झाडाखालची कपार, तिचं तोंड कुठल्या बाजूला, पिल्लं उन्हाला कधी बाहेर येतात. गोष्ट खरी वाटली पाहिजे ना. मला तेव्हा आपण फार मोठ्या कथाकार आहोत असं वाटायचं.

सोमवारी सकाळी शाळेच्या अंगणात हलगी वाजली. काठीला चार पिल्लं उलटी बांधलेली होती. शनिवार-रविवारी कपारीच्या तोंडाशी वाळलं गवत आणि मिरच्या पेटवून धूर दिला होता. कानतुटी रानात होती, म्हणून वाचली. तात्या पुढे आले, हसत होते. म्हणाले, "बाई, आवं दोन वर्सं आमी हुडकत हुतो. तुमच्या गोष्टीमुळं घावली बगा कपार. लय उपकार झालं."

मला आधी काही कळलंच नाही. मग कपारीचं तोंड कुठल्या बाजूला ते मीच सांगितल्याचं आठवलं. माझ्यामागे दारात सगळी शाळा उभी होती. एकाने सूप पुढे केलं. मी म्हटलं, माझ्याकडून दाणाही मिळायचा नाही.

"रीत हाय बाई ती," तात्या म्हणाले.

"मग ती माझ्या दारात मोडली असं समजा."

हलगी थांबली. बावीस वर्षांच्या बाईने चारचौघांत तात्यांना असं बोलणं त्या वाडीने ऐकलं नव्हतं. तात्यांचं तोंड उतरलं, रागापेक्षा त्यांना लागलं होतं. ते माणसं घेऊन गेले. त्यांनी खोली सोडायला सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून त्यांच्या घरून येणारं माझं दूध बंद झालं आणि पुढच्याच महिन्यात त्यांचा शिक्षण खात्याकडे अर्ज गेला की बाई अभ्यास सोडून लांडग्याच्या गोष्टी सांगत बसतात.

त्या दिवशी शेवटचा तास आला तेव्हा कुणी गोष्ट मागितली नाही. शाळा सुटल्यावर हौसा मागे राहिली. पाटी छातीशी धरून म्हणाली, "बाई, म्या घरात सांगितली गोष्ट. बानं तात्यास्नी सांगितली." तिला वाटत होतं की पिल्लं तिच्यामुळे मेली. तिला जवळ घेऊन मी सांगितलं की चूक तुझी नाही, गोष्ट ऐकली की ती घरी सांगणारच, सांगावीच. पत्ता मी सांगायला नको होता. हेच मी दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गापुढे उभं राहून सांगितलं. वर्गापुढे आपली चूक कबूल करायला कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत, आणि मला ते सोपंही गेलं नाही. ती चार पिल्लं आजही माझ्या नावावर आहेत.

सगळ्यांना वाटलं, आता बाई गप्प बसतील. मी दुसऱ्याच आठवड्यात गोष्ट पुन्हा सुरू केली. फक्त कानतुटीने बिऱ्हाड हलवलं. ती आता पार पश्चिमेला, म्हसोबाच्या कड्याला राहायला गेली, जिथे घोरपडीशिवाय काही नव्हतं. मुलं सकाळी मला खरं काय ते सांगायची आणि शेवटच्या तासाला मी सगळं उचलून म्हसोबाच्या कड्यावर नेऊन ठेवायची. असं का, हे मी समजावलं नाही. पहिलीतल्या पोरालासुद्धा ते समजावावं लागलं नाही. तात्या माणसं घेऊन दोनदा म्हसोबाच्या कड्याला जाऊन आले आणि पायात काटे भरून परतले. माझं दूध बंदच होतं, तेव्हा मला त्याचं वाईट वाटण्याचं काही कारण नव्हतं.

पुढच्या थंडीत कानतुटीला पुन्हा पिल्लं झाली, त्याच घळीत, थोडं वरच्या अंगाला. आणि एका पहाटे तिने धुळाचं कोकरू नेलं. हौसा शाळेत आली ती रडून डोळे सुजलेली. तिने स्वतः पाजून वाढवलेलं कोकरू होतं. तिने मला विचारलं की आता गोष्टीत काय सांगणार. मी म्हटलं, आधी तुझ्या बाला भेटते. संध्याकाळी मी धुळाच्या वाडग्यावर गेले. मेंढरं कोंडायचं काट्यांचं कुंपण गुडघ्याएवढं राहिलं होतं, जागोजागी कुजून बसलेलं. अधू पायाने तो एकटा किती काटे तोडणार. वाडीतली धडधाकट माणसं लांडगा मारायला एका हाकेसरशी जमत होती, पण त्याचं कुंपण घालून द्यायला कधी कुणी गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस कार्यानुभवाचा तास धुळाच्या वाडग्यावर भरला. मोठी मुलं बोरी-बाभळीच्या फांद्या तोडायची, लहान ओढायची, मी रचायची. माझ्या दोन साड्या फाटल्या. कुंपण छातीएवढं झालं. धुळा कमी बोलणारा माणूस, तो बसून नुसता बघत होता. शेवटच्या दिवशी त्याने सगळ्यांना मेंढीच्या दुधाचा गुळाचा चहा दिला आणि मला एवढंच म्हणाला, "गेल्या साली म्याच सांगितलं तात्यास्नी." मी म्हटलं, ठाऊक आहे. त्या थंडीत त्याचं दुसरं कोकरू गेलं नाही.

आणि मग, वर्षभराने, त्या अर्जाची दखल घेऊन शाळेची तपासणी आली. साहेब फाट्यावर उतरून चालत आले, वाळके, चष्मा, हातात छत्री. तात्या समितीचे म्हणून दारात खुर्ची टाकून बसले. पाढे झाले, वाचन झालं, चौथीने गणितं सोडवली. साहेबांना बोट ठेवायला जागा मिळेना. मग त्यांनी विचारलं, तुम्ही लांडग्याच्या गोष्टी ऐकता म्हणे? मुलं हो म्हणाली. कुठे राहतो लांडगा? सगळ्या वर्गाने एका सुरात सांगितलं, "म्हसोबाच्या कड्याला."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मग मला येताना ओढ्यात, घळीच्या तोंडाशी दिसलं ते काय होतं? पिवळट होतं, लांब पायांचं. शेपूट खाली."

तात्या खुर्चीत ताठ झाले. माझ्या हातात खडू होता, तो मोडला. घळीत तेव्हा डोळे नुकते उघडलेली पिल्लं होती. तेवढ्यात हौसा उभी राहिली. तिसरीत होती आता.

"त्ये आमचं कुत्रं हाय सायेब."

"तुमचं कुत्रं काळं हाय गं," दारातून तात्या म्हणाले.

"दुसरं हाय. मामानं दिलंय."

साहेबांनी विचारलं, नाव काय त्याचं? हौसाने मागे वर्गाकडे पाहिलं. पहिलीच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मोत्या." लगेच सगळ्या वर्गाने तेच सांगितलं, मोत्या. साहेब त्या पहिलीतल्या पोराकडे वळले आणि विचारलं, चावतो का मोत्या? ते बिचारं मान हलवून म्हणालं, "न्हाई. बाई त्येला भाकरी टाकत्यात."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मीही त्यांच्याकडे पाहिलं, डोळे खाली घातले नाहीत. तात्या उठले आणि तडक धुळाच्या वाडग्याकडे निघाले. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती आणि मी काही करू शकत नव्हते. साहेब शेरेबुकात लिहीत होते, मी समोर उभी. धुळाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला कुणी मोत्या सांगितला नव्हता, मामा सांगितला नव्हता. आणि मागच्या वेळी तात्यांना पत्ता देणारा तोच होता. हौसा तिच्या जागेवर बसून पाटीवर रेघा ओढत होती.

पुढे काय झालं ते हौसाच्या आईने मला संध्याकाळी सांगितलं. धुळा कुंपणाला काटे लावत होता. तात्यांनी विचारलं, तुझा मोत्या कुठाय? धुळाने हातातला काटा खाली ठेवला. जरा वेळ तात्यांकडे पाहिलं, मग शाळेकडे पाहिलं.

"रानात गेलाय," तो म्हणाला.

"मेव्हण्यानं दिला व्हय तुला?"

"व्हय. तिच्या मामानंच दिलाय. माजं कुत्रं हाय त्ये तात्या, त्येला कुणी हात लावायचा न्हाई."

तात्या फौजेत राहिलेला माणूस, त्यांना कळलं नसेल असं मी म्हणणार नाही. पण मेंढपाळच कुत्रं म्हणतोय म्हटल्यावर मारायचं कुणासाठी आणि धान्य मागायचं कुणाच्या दारात? ते तसेच परत आले. चार दिवसांनी माझ्या दारात दुधाचा तांब्या ठेवलेला होता.

आता राहिला शेरा. साहेब गेल्यावर मी शेरेबुक उघडलं. पाढे-वाचन समाधानकारक, असं लिहून खाली त्यांनी लिहिलं होतं : 'विद्यार्थ्यांना कुत्रा व लांडगा यांतील फरक ओळखता येत नाही. शिक्षिकेने याकडे त्वरित लक्ष पुरवून पूर्तता करावी.' साहेब कुठल्या गावचे होते, त्यांनी लांडगे पाहिले होते का, मला ठाऊक नाही. एवढं मात्र ठाऊक आहे की ते परत जाताना ओढ्याची वाट सोडून लांबच्या गाडीवाटेने फाट्याला गेले.

शेऱ्याखाली शिक्षकाने 'पूर्तता केली' असं लिहून सही करायची असते. बहुतेक जण ती शाई वाळायच्या आत करतात, मीही पुढे शेकडो वेळा केली. फळा काळा करावा, केला. हजेरीपट लाल शाईने पूर्ण करावा, केला. त्या एका शेऱ्याखालची जागा मी मोकळी सोडली. दरवर्षी नवे साहेब यायचे, मागची पानं चाळायचे, तिथे बोट ठेवून विचारायचे, बाई, ही पूर्तता राहिली आहे का? मी सांगायची, राहिली आहे साहेब, आणि ती मी करणार नाही.